ऑप्सिन की क्रिप्टोक्रोम? क्रिलच्या डोक्यातली दोन वेगळी जनुके

अंटार्क्टिक क्रिलच्या (कोळंबीसारख्या छोट्या समुद्री प्राण्याच्या) डोक्यातून आरएनए काढून जनुके वाचली की ऑप्सिन सापडतात आणि क्रिप्टोक्रोमही. दोन्हींवर ‘प्रकाशग्राही’ असा शिक्का मारला की घोळ सुरू होतो.

ऑप्सिन हे पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारे प्रथिन. सातव्या फेरीतल्या लायसीन या अमिनो आम्लाला रेटिनल हा छोटा रेणू चिकटलेला असतो आणि प्रकाश शोषतो तो रेटिनल. कोणत्या तरंगलांबीला प्रतिसाद जास्त, हे त्याच्याभोवतीची अमिनो आम्ले ठरवतात. क्रिलमध्ये अशी जनुके अनेक आहेत, पण सगळी दृष्टीसाठी नाहीत.

क्रिप्टोक्रोम पटलात नसते आणि रेटिनलही वापरत नाही. त्याचे नाते डीएनए दुरुस्त करणाऱ्या फोटोलायेज या विकराशी आणि सोबती रेणू एफएडी. खरी गोम त्याच्या दोन प्रकारांत आहे. फळमाशीतले सीआरवाय1 (सीआरवाय म्हणजे क्रिप्टोक्रोम) निळा प्रकाश शोषते आणि टाइमलेस हे प्रथिन मोडायला लावून शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ जुळवते. सस्तन प्राण्यांसारखे सीआरवाय2 मात्र घड्याळाच्या आतला लगाम: ते क्लॉक आणि बीमॅल1 या घड्याळ चालवणाऱ्या प्रथिनांच्या जोडीला दाबते आणि त्या कामाला प्रकाश लागत नाही. 2010 मध्ये क्रिलमधून वेगळे केलेले क्रिप्टोक्रोम या दुसऱ्या गटातले. युरिडिस पुल्क्रा या किनाऱ्यावरच्या छोट्या आयसोपॉडचेही तसेच. म्हणजे नुसते ‘क्रिप्टोक्रोम सापडले’ म्हणून ‘निळा प्रकाश ओळखतो’ असे लिहिणे हा निव्वळ अंदाज.

ओळख पटवताना ब्लास्ट या जनुकक्रम जुळवून पाहणाऱ्या साधनाने दिलेल्या पहिल्या नावावर विसंबू नका. ऑप्सिनसारखे दिसणारे इतर जी-प्रथिन-संलग्न ग्राही (पेशीपटलातली संदेश पकडणारी प्रथिने) ढीगभर मिळतात. गायीच्या ऱ्होडॉप्सिनशी (डोळ्यातल्या ऑप्सिनशी) अमिनो आम्लांची मांडणी जुळवा आणि 296व्या जागी लायसीन आहे का बघा. नसेल, तर त्याला प्रकाशग्राही म्हणू नये. तुकडा अर्धवट असेल तर सातवी फेरीच गायब असू शकते, तेव्हा निकाल राखून ठेवावा. क्रिप्टोक्रोमसाठी वंशवृक्ष काढावाच लागतो आणि त्यात दोन्ही सीआरवाय व फोटोलायेज हवेत, नाहीतर फोटोलायेजच क्रिप्टोक्रोम म्हणून खपून जाते.

नमुन्यांचे गणितही निराळे. ऑप्सिनची यादी करायला एका वेळचे नमुने पुरतात. जवळजवळ सारख्या प्रती लहान वाचनांच्या (यंत्राने वाचलेल्या आखूड तुकड्यांच्या) जुळणीत एकमेकींत मिसळतात, म्हणून यादीला लांब वाचनांचा आधार द्या. घड्याळाच्या जनुकांची पातळी दिवसभर बदलत राहू शकते. म्हणून दर 3–4 तासांनी, किमान 24 तास आणि शक्यतो 48 तास नमुने घ्या. ताल अंतर्गत आहे म्हणायचे असेल तर अखंड अंधारात. अंधारातली हाताळणी मंद लाल दिव्यात.

आरएनए किती शाबूत आहे हे सांगणारा आरआयएन आकडा कमी दिसला म्हणून लगेच नमुना फेकू नका. बऱ्याच कवचधारींचा 28एस आरएनए (रायबोसोमचा मोठा आरएनए) तापवताना आपोआप दोन तुकड्यांत सुटतो आणि ते 18एस या रायबोसोमच्या लहान आरएनएच्या आसपासच दिसतात, त्यामुळे यंत्राला चांगला नमुनाही सडका वाटतो. आकड्यापेक्षा आलेखाचा आकार बघा.