राज्याची सीमा आणि मुकादमाची उचल: ऊसतोड मजूर कायद्याबाहेर कसे राहिले

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी भागातले कोयते सांगली-कोल्हापूरकडे निघतात. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, जोडीला, हिशेब जोडीचा, आणि वहीत नाव बहुधा नवऱ्याचं.

ही रीत साखर कारखानदारीबरोबर वाढली. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली आणि तोडणीला माणसं आली ती कोरडवाहू मराठवाड्यातून. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ पक्का केला. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, साखरेचा उतारा घटतो. म्हणून कुणाचं शेत कधी तोडायचं हे कारखाना ठरवतो. पण मजूर कुणाचे म्हटलं की बोट टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे जातं. पैसा कारखान्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेकडून वाहनमालकाकडे, तिथून मुकादमाकडे आणि शेवटी कोयत्याकडे पोचतो. करार वरच्या टप्प्यांवर होतात, कोयत्याच्या वाट्याला तोंडी शब्द येतो.

गोम उचलीच्या गणितात आहे. समजा जोडीने १ लाख रुपये उचलले. टनाला ३६६ रुपये धरले तर फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला २ टन म्हणजे भरपूर काम झालं, तरीही १३७ दिवस लागतात. हंगाम ४ महिन्यांतच आटोपला की बाकी अंगावर राहते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जावं लागतं. आठवड्याचा किराणा-खर्ची यात धरलेलाच नाही. आजारपणात कामावर न गेल्यास खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीमार्फत चौकशी झाली, तेव्हा पाळीच्या दिवसांतला हा खाडाही चर्चेत आला होता.

अशाच साखळीवर देशात कायदा झाला होता, मात्र तो ओडिशाकडे पाहून. तिथे सरदार नावाचे मध्यस्थ आगाऊ रक्कम देऊन मजुरांना परराज्यांत नेत. त्यांना ‘दादन’ मजूर म्हणत. ओडिशाने १९७५ मध्ये आपला कायदा केला. केंद्राचा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा १९७९ चा, लागू झाला २ ऑक्टोबर १९८० पासून. ५ किंवा अधिक परप्रांतीय मजूर असतील तिथे नोंदणी, ठेकेदाराला परवाना, मजुराला फोटोचं पासबुक, जाण्यायेण्याचं भाडं. शिवाय महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, यांतला जो जास्त तो विस्थापन भत्ता. तो परत करायचा नव्हता. उचलीच्या नेमकं उलटं!

दोनच वर्षांनी दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांवरचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. मजूर आणणारे जमादार त्यातला रुपया कापून ८ रुपये २५ पैसे हातावर ठेवायचे. १९८२ च्या निकालात न्यायालयाने किमान मजुरीपेक्षा कमी पैशात करवून घेतलेलं काम ही वेठबिगारी ठरवली. ठेकेदार मध्ये आहे म्हणून सरकारी यंत्रणांना हात झटकता येणार नाहीत, हेही सांगितलं. आमच्या मते ऊसतोडीला सर्वांत लागू पडणारं सूत्र हेच आहे, आणि सर्वांत कमी वापरलं गेलेलंही.

बीडहून कोल्हापूरला जाणारा मजूर मात्र राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून १९७९ चा कायदा त्याच्यापुरता मुका राहिला. तीच टोळी कर्नाटकात बेळगावात गेली तर कायदा लागू व्हायचा, कोल्हापूरच्या शिरोळमध्ये राहिली तर नाही. मग दर ठरायचे ते संप, वाटाघाटी आणि लवादाने. २०२० मध्ये १४ टक्के वाढ होऊन दर टनाला २७३ रुपये १० पैसे झाला. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळून तो ३६६ वर गेला, मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळही आलं. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची.

१९७९ चा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विरघळला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ठेकेदाराविना, स्वतःहून आलेला मजूरही आता व्याख्येत बसतो. ही जमेची बाजू. पण ५ मजुरांची अट १० झाली, विस्थापन भत्ता गेला, आणि ‘दुसऱ्या राज्यात’ हे शब्द तसेच राहिले.