अख्खं विमान नाही तर निदान कॉकपिट तरी: एका छंदाची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये अशी बरीच माणसं आहेत ज्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नसते, तिथे कॅनबेरा नाहीतर लाइटनिंग अशा जुन्या लष्करी जेट विमानाचं नाक ठेवलेलं असतं. नाक म्हणजे विमानाचा पुढचा कापलेला भाग, कॉकपिटसकट. नॉटिंगहॅमशायरमधल्या न्यूअर्क एअर म्युझियममध्ये ही मंडळी आपापली कॉकपिट्स ट्रेलरवर घालून घेऊन येतात, लोकांना आत बसवतात, कुठला स्विच कशाचा ते समजावून सांगतात. बघणाऱ्याला वाटतं काय हे खूळ, पण यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात भंगारातून होते.

१९४५ ला युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे हजारो विमानं पडून होती आणि ती कुणालाच नको होती. देशाला हवी होती घरं आणि भांडी. मग विमानं तोडली, वितळवली, आणि त्या अ‍ॅल्युमिनियममधून विमानांच्याच कारखान्यांनी तयार बंगले बनवले, पन्नास हजारांच्या वर. घर नसलेल्या माणसाला तेव्हा विमान जपा असं कोण सांगणार, त्यामुळे त्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम असा झाला की लँकेस्टर बॉम्बर ७,३७७ बनली आणि आज उडणारी फक्त दोन उरली आहेत, आणि स्टर्लिंग नावाचं चार इंजिनांचं बॉम्बर तर अख्खं एकही शिल्लक नाही.

जे वाचलं ते बहुतेक योगायोगानेच. एअर ट्रेनिंग कोअर म्हणजे आपल्या एनसीसीसारखी पोरांची संघटना, १९४१ ची, तिच्या शाखांना शिकवायला म्हणून नुसती कॉकपिट्स कापून दिली जायची. हवाई दलसुद्धा भरतीच्या प्रचारासाठी अशी नाकं ट्रकवरून गावोगाव फिरवायचं. काही तुकडे शेतकऱ्यांनी नेले. यॉर्कशायरच्या एल्व्हिंग्टन म्युझियममध्ये जे हॅलिफॅक्स बॉम्बर उभं आहे ना, त्याच्या धडाचा एक मोठा भाग स्कॉटलंडच्या लुईस बेटावर कोंबड्यांचं खुराडं म्हणून वापरात होता, आणि तो तसा वापरला म्हणूनच वाचला!

भंगाराची दुसरी लाट जेट विमानांची. १९५७ मध्ये ब्रिटिश सरकारने ठरवलं की पुढचा जमाना क्षेपणास्त्रांचा, मग विमानांचे प्रकल्प बंद, स्क्वॉड्रन कमी. व्हॅलियंट बॉम्बरच्या धातूत १९६४ मध्ये तडे सापडले, पुढच्या वर्षी सगळी सेवेतून काढली आणि लगेच तोडायला घेतली. एकूण १०७ बनली होती, अख्खं फक्त एक राहिलं, ते कॉसफर्डच्या म्युझियममध्ये आहे, ब्रिटनचा पहिला हायड्रोजन बॉम्ब १९५७ मध्ये टाकणारं तेच. बाकी काही नाकं उरली, त्यातलं एक ब्रुकलँड्सच्या म्युझियममध्ये. तोवर हौशी लोक जागे व्हायला लागले होते. १९५९ मध्ये मॉस्क्विटो या युद्धकाळातल्या लाकडी विमानाचं पहिलं प्रोटोटाइप सॉल्सबरी हॉलला लोकांसाठी खुलं झालं, १९६७ मध्ये जतन करणाऱ्या गटांची मिळून एक परिषद झाली, १९७२ मध्ये लंडनमध्ये हेंडनला हवाई दलाचं सरकारी म्युझियम उघडलं.

पण व्हल्कनसारख्या जेट बॉम्बरचे पंख जवळपास ३४ मीटर, ते साधा माणूस ठेवणार कुठे आणि पावसात गंजताना बघणार तरी कसं? म्हणून नाक. ते ट्रेलरवर मावतं, शेडमध्ये राहतं, आणि माणूस जिथे बसायचा, घाबरायचा, काम करायचा ती जागा तीच असते. भंगारवाल्यांनाही कळलं की किलोच्या भावाने विकण्यापेक्षा नाक वेगळं कापून ठेवलं तर जास्त पैसे येतात. काही लोकांना कापलेलं विमान बघवत नाही, पण पर्याय भट्टीचा होता हे विसरून चालणार नाही.

आणि कॉकपिट जे सांगतं ते फोटोतून कळत नाही. व्हल्कनमध्ये खालच्या दारातून शिडीने चढलात की पुढे दोन पायलटांची अरुंद जागा, खिडक्या एवढ्याशा, हातात फायटरसारखी स्टिक. आणि मागे, खालच्या पातळीवर, तिघं जण शेपटीकडे तोंड करून अंधारात पॅनेलसमोर बसायचे. इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, फक्त पुढच्या दोघांना. मागच्या तिघांनी त्याच दारातून उडी मारायची, जमलं तर. त्या मागच्या सीटवर बसून शिडी आणि दाराकडे एकदा बघा, मग आकडेवारी सांगायची गरज राहत नाही.

सुट्या वस्तूंचा बाजारही याच काळात वाढला. कॉकपिट मिळालं तरी आत बहुधा नुसती भोकं, घड्याळ तर सगळ्यात आधी गायब झालेलं. मग एकेक डायल शोधायचा, त्याच्यावरचा एएम (एअर मिनिस्ट्री) आणि मुकुटाचा शिक्का बघायचा, हवाई दलाच्या स्टोअर्सचा नंबर जुळवायचा (६ए म्हणजे इन्स्ट्रुमेंट, २२सी म्हणजे हेल्मेट वगैरे कपडे). यात खरा धोका आहे. जुन्या डायलवर रेडियमचा रंग असतो, त्याची चमक काही वर्षांत जाते पण रेडियमची हाफ लाइफ, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, १,६०० वर्षं, म्हणजे अंधारात न चमकणारा डायलही तितकाच किरणोत्सारी, तो उघडून घासायचा नाही. इजेक्शन सीटमधली काडतुसं आधी निकामी करून घ्यायची. आणि पडलेलं लष्करी विमान वाटेल तसं खणायचं नाही, त्यात वैमानिकांचे अवशेष असू शकतात, १९८६ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये त्यासाठी परवाना लागतो.

यात आपला वाटा मोठा आहे. युद्धानंतर कानपूरला लिबरेटर बॉम्बर मुद्दाम मोडतोड करून टाकून दिले होते, ते हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी दुरुस्त करून उडवत बंगळूरला नेले आणि आपल्या हवाई दलाने १९६८ पर्यंत वापरले, त्यातली एक स्क्वॉड्रन पुण्यात लोहगावला होती. आज ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेच्या म्युझियममध्ये जी लिबरेटर आहेत त्यातली बरीच या कानपूरच्या ढिगातली. ब्रिटनला आपण १९७४ मध्ये एक भेट दिलं, ते उडत गेलं. लोहगावलाच कॅनबेराही होती, आपण ती २००७ पर्यंत उडवली, ब्रिटिशांपेक्षा एक वर्ष जास्त.

आपल्याकडे दिल्लीत पालमला हवाई दलाचं म्युझियम आहे, गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं म्युझियम आहे, पण विमान बाहेरून बघायचं आणि कॉकपिट बंद, चौकातल्या खांबावरच्या विमानांचं तर विचारायलाच नको. मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, आणि त्यातली कित्येक आपल्या नाशिकजवळ ओझरला बनलेली. त्यांची निदान दहा-बारा नाकं वेगळी काढून, शिडी लावून, सगळे डायल जागेवर ठेवून लोकांना आत बसू द्यावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते आत्ताच करायला हवं, कारण ती उडवलेले पायलट आणि ओझरला ती जुळवलेले कामगार अजून आहेत, कुठला स्विच कशाचा हे सांगायला.