सार्वजनिक सुरक्षेसाठी मशीन लर्निंग : पुण्यातील पीएच.डी. संशोधन

अपघात, पूर, दरडी, गर्दी आणि गुन्हे यांच्या जुन्या नोंदींवरून संगणकाला धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवायचे आणि त्या आधारे वेळेत इशारा द्यायचा किंवा मदत पोहोचवायची, हा या संशोधनाचा गाभा. संगणकशास्त्राइतकाच वाहतूक अभियांत्रिकी, हवामानशास्त्र, भाषाविज्ञान व कायदा यांचाही त्यात वाटा असतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ (१९४९), १८५४ पासूनची आणि २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालेली सीओईपी (अभियांत्रिकी), पाषाणचे आयसर (मूलभूत विज्ञान), गिरीनगरचे डायट (संरक्षण तंत्रज्ञान) अशा संस्थांत यासाठी वाट आहे. ‘परम ८०००’ हा महासंगणक (१९९१) घडवणारे सी-डॅक याच शहरातले, त्यामुळे संगणनशक्तीची इथे वानवा नाही. वानवा आहे ती नीट लावलेल्या स्थानिक नोंदींची, आणि खरा प्रबंध तिथेच दडलेला असतो.

रस्ते अपघातांचेच पाहा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार जड वाहनांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. फिर्यादीत मात्र ठरलेली शब्दावली येते : ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने वाहन चालवून’. जवळपास प्रत्येक अपघाताला हेच शब्द चिकटलेले असल्याने त्यांतून कारण कळत नाही. ब्रेक तापले होते का, गाडी न्यूट्रलवर सोडली होती का, हे सापडलेच तर जबाबातल्या एखाद्या ओळीत. ठिकाणही ‘पुलाच्या अलीकडे, पेट्रोल पंपासमोर’ असे लिहिलेले. ते नकाशावर नेमके टेकवायचे तर मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून शिकलेल्या संगणकप्रणालीला, मराठी कळायला हवी. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधन गटाने ‘महाबर्ट’सारखी मराठी मजकूर वाचणारी मॉडेल खुली केली आहेत, म्हणजे पाया तयार आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते पोलिसी मराठीचे वाचन हा आज इथला सर्वांत कसदार विषय आहे.

कॅमेऱ्याच्या चित्रांचीही तीच गत. डोके-चेहरा स्कार्फने घट्ट गुंडाळून, वर गॉगल चढवून जाणारी दुचाकीस्वार मुलगी पुण्याला नवी नाही. पण परदेशी चित्रांवर शिकलेले मॉडेल तो स्कार्फ हेल्मेट समजू शकते. अशी हजारो चित्रे हाताने खुणा करून लावावी लागतात. काम कंटाळवाणे असले तरी ते संशोधनच आहे.

पूर व दरडींत अडचण वेगळी, उदाहरणेच थोडी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले जाऊन दीडशेच्या आसपास माणसे गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. इतक्या विरळ घटनांत रोज ‘धोका नाही’ म्हणणारे मॉडेलही जवळजवळ शंभर टक्के बरोबर ठरते! म्हणून किती धोके निसटले आणि किती इशारे फुकट गेले, हे वेगवेगळे मोजतात. पावसाचे भौतिकशास्त्र मॉडेलमध्ये गुंफायचे तर पाषाणची आयआयटीएम ही हवामान-संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहे.

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरची किंवा पालखीच्या मुक्कामाची गर्दी मोजणे हाही इथलाच विषय. त्यात चौरस मीटरमागे माणसे किती, एवढे कळले की पुरते. चेहरे ओळखायची गरज नसते.

गुन्ह्यांच्या भाकितात मात्र फार जपून पाऊल टाकायला हवे. पोलीस जिथे जास्त फिरतात तिथले गुन्हे जास्त नोंदले जातात, मॉडेल पुन्हा तिकडेच बोट दाखवते आणि नोंदी आणखी वाढतात. लॉस एंजेलिस पोलिसांनी अशी प्रणाली २०२० मध्ये थांबवली. आपल्याकडे तर १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण संशयाची नजर अजून निवळलेली नाही. ती नजर आकड्यांत उतरली आहे का, हे आधी तपासल्याशिवाय असे मॉडेल बांधू नये.

प्रवेशासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम लागू आहेत : पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के, राखीव गटांना सवलत. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचे, मुदत तीन ते सहा वर्षे, महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,०००. अनुसूचित जातींसाठी बार्टी व मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. नोंदी मिळवण्याच्या परवानग्यांना वेळ लागतो, त्यामुळे त्यांचा अर्ज सिनॉप्सिसबरोबरच (संशोधनाच्या आराखड्याबरोबरच) गाईडच्या सहीने करून ठेवलेला बरा.