खुर्ची बिघडवते की बिघडलेल्यांना बोलावते?

'खुर्चीवर बसला की माणूस बदलतो.' पुण्यातल्या कुठल्याही अमृततुल्यात निवडणुकीचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. अभ्यासकांना मात्र वेगळीच शंका आहे: तो आधीपासूनच तसा असेल आणि म्हणूनच खुर्चीमागे धावला असेल तर?

रेमा हॅना आणि शिंग-यी वांग या अर्थशास्त्रज्ञांनी बेंगळुरूच्या कॉलेजांतल्या साडेसहाशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या हाती फासा दिला. ४२ वेळा टाका, पडलेला आकडा स्वतःच लिहा. आकडे मोठे तेवढे पैसे जास्त. बघायला कुणी नाही. प्रामाणिक बेरीज १४७ च्या आसपास यायला हवी. कुणी दोनशेच्या वर लिहिली तर ते नुसतं नशीब म्हणणं अवघड आहे! २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आकडे फुगवणाऱ्यांना सरकारी नोकरीची ओढ जास्त होती. हाच फासा सरकारी परिचारिकांना दिला, तर आकडे फुगवणाऱ्या खोटी कारणं सांगून दांड्या मारण्यातही पुढे निघाल्या.

पण डेन्मार्कमध्ये असाच प्रयोग झाला, तेव्हा चित्र उलटं निघालं. तिथे प्रामाणिक मुलांनाच सरकारी सेवा हवीशी वाटत होती. म्हणजे दोष सरकारी नोकरीचा नाही. माझ्या मते प्रश्न वरकमाईला वाव किती, हा आहे. गूळ उघडा असेल तिथे मुंगळे येतात. आता, नोकरी आणि राजकीय पद एक नव्हे, हे खरं. पण टेंडर, परवानग्या, बदल्या एकाच टेबलावर आल्या की ओढ कुणाला लागेल, याचा अंदाज बांधता येतो.

अमृततुल्यातलं वाक्यही अगदीच खोटं नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी गटाचे पैसे वाटण्याचा अधिकार 'नेत्यां'ना दिला. हाताखालची माणसं आणि पैसे वाटण्याचे पर्याय वाढवले, तसा नेत्यांनी स्वतःचा वाटा वाढवला. आधीच्या चाचणीत प्रामाणिक ठरलेलेही कालांतराने घसरले.

मग नुसती चांगली माणसं शोधून भागत नाही. तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात ग्रामसमितीची निवड मडक्यातल्या चिठ्ठ्यांनी होते, आणि हिशेब न देणारा सदस्य नातेवाइकांसकट बाद ठरतो. कायमची ओढ लागावी असं पदात फारसं उरतच नाही.

पुणे महापालिकेतही चिठ्ठी आहे. टेंडरांना मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत १६ सदस्य असतात, आणि पहिल्या वर्षानंतर त्यातल्या कोणत्या आठांनी बाहेर पडायचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. आत कुणी जायचं, हे मात्र पक्षांच्या याद्या ठरवतात.