अल्बेनिया मुलांना सांगताना : ‘नास्तिक देश’ या शब्दामागची पार्श्वभूमी

रविवारच्या शाळेत मिशनकार्याच्या निमित्ताने मुलांना युरोपातील एखाद्या देशाची ओळख करून द्यायची झाली की अल्बेनियाची निवड अनेकदा होते, आणि मुलांच्या दृष्टीने ती रास्तही आहे. तांबड्या ध्वजावरचा दोन डोक्यांचा काळा गरुड मुलांना रंगवायला आवडतो. दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवून पंजे पसरले की तोच गरुड भिंतीवर सावलीतही उमटतो. ‘हो’ म्हणताना तिथले लोक मान आडवी हलवतात, हे सांगितल्यावर वर्गात पाच मिनिटे तरी दुसरे काही चालत नाही. त्यानंतर ठरलेले वाक्य येते : ‘हा जगातील पहिला नास्तिक देश होता आणि १९९१ नंतर तिथे सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) पोचली.’ या वाक्याचे दोन्ही भाग तपासून पाहण्यासारखे आहेत.

सुवार्ता तिथे पहिल्या शतकातच पोचली असावी. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल ज्या इल्लूरिकमचा उल्लेख करतो, त्याच्याशी आजच्या अल्बेनियाचा बराचसा भाग जोडला जातो. पुढे उत्तरेत कॅथलिक आणि दक्षिणेत ऑर्थोडॉक्स परंपरा रुजली, आणि उस्मानी सत्तेच्या शतकांत बहुसंख्य लोक मुसलमान झाले. अल्बेनियन भाषेतील उपलब्ध मुद्रित पुस्तकांमध्ये सर्वांत जुने पुस्तक १५५५ सालचे असून ते एका कॅथलिक धर्मगुरूने सिद्ध केलेले उपासनेचे पुस्तक आहे. एकोणिसाव्या शतकात नवा करार उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या अशा दोन्ही बोलींत छापला गेला. १८९१ साली कोर्चा येथे अल्बेनियन भाषेतून शिकवणारी मुलींची शाळा उघडली. ती काढणारा तरुण उपदेशक बल्गेरियातील ज्या मिशनशाळेत शिकला होता, ती चालवणाऱ्या अमेरिकन संस्थेचेच मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले होते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) मुलांना हा दुवा सांगितल्याचे मात्र क्वचितच आढळते.

आता ‘नास्तिक देश’. आपल्याकडे नास्तिक असते ते माणूस. तो त्याच्या मनाचा निर्णय असतो. इंग्रजी पाठ्यसाहित्यातील मूळ संज्ञा राज्यसंस्थेविषयी आहे, परंतु मराठीत ‘देश’ म्हटले की त्यात माणसेही आली, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर देवाला न मानणाऱ्या लोकांनी भरलेला देश उभा राहतो. माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले होते, “मग सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवलं का?” प्रश्न अगदी योग्य जागी लागला होता. ‘निरीश्वरवादी राज्य’ हा पर्याय अचूक असला तरी मुलांना ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र किंवा कर्नाटक वाटते. ‘सरकारने धर्मावर बंदी घातलेला देश’ असे लांबलचक पण सरळ सांगणेच बरे.

ही बंदीही एका दिवसात आली नाही. १९४४ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आल्यानंतर धर्मगुरूंच्या अटका, खटले आणि मृत्युदंड सुरू झाले. ६ फेब्रुवारी १९६७ च्या भाषणात सर्वोच्च नेत्याने जुन्या चालीरीतींविरुद्ध मोहीम पुकारली. प्रार्थनास्थळे बंद पाडण्यासाठी शाळकरी आणि तरुण मुलांनाच पुढे करण्यात आले. त्या वर्षी २,१६९ प्रार्थनास्थळे बंद झाल्याचा आकडा सांगितला जातो. त्यांत मशिदी मोठ्या संख्येने होत्या, ही गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेच्या पाठ्यसाहित्यात सहसा गाळली जाते. श्कोदरच्या कॅथेड्रलचे क्रीडागृह झाले. धार्मिक अर्थाची नावे बदलावीत असा हुकूम १९७५ मध्ये निघाला, आणि राज्य कोणताही धर्म मानत नाही असे कलम १९७६ च्या राज्यघटनेत आले. म्हणजे पाठात सहसा दिले जाणारे १९६७ हे वर्ष मोहिमेचे आहे. घटनेत ही गोष्ट यायला आणखी नऊ वर्षे लागली.

घराच्या आत काय चालले होते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. उपवासाच्या काळात शाळेत आणि कामाच्या ठिकाणी वर्ज्य पदार्थ मुद्दाम पुढे केले जात आणि कोण खात नाही यावर नजर असे. लपून एका बाळाचा बाप्तिस्मा केल्याच्या आरोपावरून एका वृद्ध धर्मगुरूला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस गोळ्या घालण्यात आल्या. लोकांनी सोडून दिलेल्या गोष्टीसाठी सरकारला इतकी पहारेदारी करावी लागली नसती.

भारतीय मुलांना सर्वांत जवळचा दुवा मदर तेरेसा यांचा आहे. त्यांचा जन्म १९१० मध्ये स्कोप्ये येथे, एका अल्बेनियन कुटुंबात झाला. आई आणि बहीण अल्बेनियाच्या राजधानीत, तिरानात होत्या. त्या दोघींच्या हयातीत मदर तेरेसांना देशात प्रवेश मिळाला नाही. त्या तिथे गेल्या १९८९ मध्ये, तोवर दोघीही वारल्या होत्या.

४ नोव्हेंबर १९९० रोजी श्कोदरच्या दफनभूमीत उघडपणे मिस्सा (कॅथलिक उपासना) झाली आणि त्याच महिन्यात त्याच शहरातील मशिदीत नमाज झाला. पुढच्या वर्षापासून परदेशी मिशनरी मोठ्या संख्येने आले. आपल्या साहित्याचा बराचसा भाग याच लोकांच्या पत्रांवर बेतलेला असल्यामुळे त्यातली गोष्ट त्यांच्या आगमनापासून सुरू होते. १९९७ मध्ये फसव्या गुंतवणूक योजना कोसळून अराजक माजले तेव्हा यांतले बरेच जण देश सोडून गेले आणि मंडळ्या स्थानिकांनीच सांभाळल्या. १९९९ मध्ये कोसोवोतून चार लाखांहून अधिक निर्वासित, बहुतेक मुसलमान, आले तेव्हा त्यांना आसरा देण्यात या लहान मंडळ्याही होत्या.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ५७ टक्के लोकांनी स्वतःला मुसलमान, १० टक्क्यांनी कॅथलिक आणि जवळपास ७ टक्क्यांनी ऑर्थोडॉक्स म्हटले. ऑर्थोडॉक्स चर्चने हा आकडा मान्य केला नाही. धर्माच्या प्रश्नाला उत्तर देणे ऐच्छिक होते आणि जवळपास १४ टक्के लोकांनी ते दिलेच नाही. स्वतःला नास्तिक म्हणवणारे अडीच टक्के होते.