धर्म बदलला, मग पुरणपोळीचं काय?

"तुमच्यातही पुरणपोळी करतात?" हा प्रश्न मला वर्षातून चारदा तरी येतो, आणि विचारणाऱ्याच्या तोंडात बहुतेक वेळा माझ्या आईच्याच हातची पोळी असते. त्याच्या जोडीला दोन ठरलेले प्रश्न: "घरी इंग्रजी बोलता का?" आणि "गोव्याचे का?" आम्ही राहुरीकडचे मराठी ख्रिस्ती. माझ्या आजीला इंग्रजीतलं 'ओके' एवढंच येतं, तेही ती फोन ठेवताना म्हणते.

तत्त्वज्ञान शिकायला लागल्यापासून या प्रश्नांचा राग येणं कमी झालं, कारण त्यांच्या मुळाशी कुठला घोळ आहे ते कळलं. आपण 'धर्म' या एकाच शब्दाच्या पोतडीत दोन वस्तू कोंबतो. त्यांना वेगळी नावं दिली एका बंगाली माणसाने, ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी. जन्म 1861 चा, म्हणजे आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्याच वर्षाचा. जन्माने ब्राह्मण, 1891 मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे भगवी वस्त्रं घालून फिरले. आपण समाजधर्माने हिंदू आणि साधनधर्माने कॅथलिक आहोत, असं ते सांगत.

साधनधर्म म्हणजे देवापर्यंत जायची वाट. यावर जास्त बोलत नाही, कारण मराठी वाचकाला तो कळतो. एकाच घरात एक भाऊ माळकरी आणि दुसरा खंडोबाचा भक्त असतो, म्हणून कुणी चुली वेगळ्या मांडत नाही. समाजधर्म म्हणजे बाकीचं सगळं: जेवण, कपडे, भाषा, लग्न, सुतक, कोणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कोणाच्या नाही.

इथपर्यंत सोपं आहे. यावरून "ते ख्रिस्ती झाले म्हणजे परके झाले" हा आरोप निकालात निघतो. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं, ते ओव्यांमध्ये. रेव्हरंड टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली. आमच्याकडे मंगळसूत्रात क्रूस असतो आणि नाताळच्या फराळात करंज्या. यात परकं काय झालं? वाट बदलली, गाव तेच.

खरी ठेच पुढे लागते, आणि तिथे आमची ख्रिस्ती विद्वान मंडळीही सपशेल आपटतात. वरच्या यादीतलं शेवटचं कलम पुन्हा वाचा. पुरणपोळी आणि पाण्याचा विटाळ मी एकाच दमात समाजधर्मात घातले, आणि उपाध्यायांनीही नेमकं तेच केलं. समाजधर्म जपायचा म्हणताना त्यांनी वर्णाश्रमाचीही बाजू घेतली.

त्यांच्या बऱ्याच आधी, 1606 साली मदुराईला गेलेला रॉबर्ट दी नोबिली हा इटालियन जेझुइट (कॅथलिक संघातला) धर्मगुरू याच वळणावर होता. त्याने मांस सोडलं, काषाय वस्त्रं घातली आणि बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणांना जानवं आणि शेंडी ठेवू दिली. ही सामाजिक खूण आहे, पूजेची नाही, असा त्याचा युक्तिवाद. गोव्यात त्यावर रण माजलं, तरी 1623 मध्ये पोपनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा उदारपणाचा विजय म्हणून येतो. मला तो तसा वाटत नाही. जानवं मूर्तिपूजेचं आहे का, एवढंच सगळ्यांनी तपासलं. ते कोणाला घालता येत नाही, हे कोणी विचारलं?

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी केली आहे. ही गोष्ट सगळ्यांना करू दिली, तर ती उरते का? पुरणपोळी अख्ख्या गावाने खाल्ली तरी पुरणपोळीच राहते. ओवी कोणीही म्हणावी, नऊवारी कोणीही नेसावी. जानवं मात्र उद्या सगळ्यांच्या गळ्यात आलं तर नुसता दोरा राहील. सोवळ्याचं तेच. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत आहे, तिचं तेच. सगळ्यांना केल्यावर टिकते ती रीत, आणि कोणाला तरी वगळल्याशिवाय जिला अर्थच नाही ती उतरंड. "आमची संस्कृती आहे हो," असं म्हणत गोव्यातल्या ख्रिस्ती घरात बामण-चारडो अशी जात बघून लग्न ठरवतात तेव्हा मला भयंकर चीड येते. ती उतरंड आहे. तिला संस्कृती म्हणू नका.

कसोटी कुठे उपयोगी पडते ते पंडिता रमाबाईंवरून बघा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. तिथल्या मठातल्या बायकांना तो जातीचा ताठा वाटला. माझ्या हिशेबाने त्या बायका चुकल्या: भाजीभाकरी सगळ्या जगाने खाल्ली तरी ती भाजीभाकरीच. दुसऱ्याच्या हातचं न खाणं ही वेगळी गोष्ट. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ती जगून दाखवली. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही काळ स्वतःचं सोवळं सांभाळत राहिल्या. पुढे जात मनातून गेली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. दोन धर्म एकाच बाईने दोन वेगळ्या वेळी सोडले, यापेक्षा चांगलं उदाहरण मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नाही.

कसोटी दरवेळी चालते असं नाही. कुंकवाशी ती अडखळते. ते विधवेला नाकारलं जात होतं तोवर उतरंडच होतं. आज माझी विधवा आत्या टिकली लावून उपासनेला येते, तेव्हा तो फक्त शृंगार. पाळकांना तरीही ते खटकतं. आत्याला नाही.

बाबासाहेब म्हणतील, तुझी ही वाटणी फसवी आहे, कारण उतरंडीला शास्त्रांचाच आधार आहे. साधन आणि समाज वेगळे काढता येत नाहीत, म्हणून दोन्ही एकदम बदला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी तेच केलं. उपाध्याय आणि बाबासाहेब यांत निवड करायची तर जातीच्या प्रश्नावर मी डोळे मिटून बाबासाहेबांकडे जातो.

पण साधनधर्म बदलला की उतरंड आपोआप जाते, असं मात्र बाबासाहेबांच्या नावावर खपवू नका. ते गृहीत धरलंय 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने. त्यात आधी जवळपास फक्त हिंदू होते, 1956 मध्ये सगळे शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. 1985 मध्ये मद्रासच्या रस्त्यावर बसणाऱ्या एका ख्रिस्ती चर्मकाराच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. इतर चर्मकारांना सरकारी टपऱ्या मिळाल्या, त्याला नाही. न्यायालय म्हणालं, धर्मांतरानंतर जात चालू राहिली एवढं दाखवून भागत नाही. नव्या समाजातही तिचा जाच तितकाच कडक आहे हे सिद्ध करा. माणूस तोच, आरी तीच, जोडेही तेच. गंमत म्हणजे आदिवासी ख्रिस्ती झाला तर त्याची अनुसूचित जमात कायम राहते. साधनधर्म आणि समाजधर्म वेगळे काढणं कायद्याला तिथे बरोबर जमतं.