बोटीवरचं किचन : गॅस पेटवण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडून स्टोव्ह, गॅसची लाईन किंवा सिलिंडरचा लॉकर बसवून घेतला की बिलासोबत हे पत्रक देतो. गिऱ्हाईक बिल जपून ठेवतं आणि हे पत्रक चहाच्या कपाखाली जातं, म्हणून आधीच विनंती, एकदा तरी पूर्ण वाचा, आणि बोटीवर जो खरोखर जेवण बनवतो त्याला वाचून दाखवा, मालकाने एकट्याने वाचून उपयोग नाही.

आमचं वर्कशॉप मुंबईत, दारूखाना भागात. ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरचे ट्रॉलर, गेटवेसमोर मुरिंगला असणाऱ्या शिडाच्या बोटी, गळ टाकायला जाणाऱ्यांच्या छोट्या फायबरच्या बोटी, सगळ्यांचं काम करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट सारखी दिसली, बोटीवर जे अपघात होतात ते बहुतेक घरच्या सवयीने होतात. घरी जे चालतं ते बोटीवर चालेलच असं नाही, आणि गॅसच्या बाबतीत तर अगदी उलटं आहे.

उलटं कसं ते सांगतो. मुंबईत आता बऱ्याच घरांत पाईप गॅस आहे. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, जवळपास निम्म्या वजनाचा, गळला तर वर जातो आणि खिडकीतून निघून जातो. बोटीवर आपण नेतो तो सिलिंडरचा गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, हा हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की पाण्यासारखा खाली उतरतो, फळ्यांच्या फटीतून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत जातो आणि तिथेच बसून राहतो, कारण बोटीच्या तळाला खिडकी नसते, दार नसते, पाणी आत येऊ नये म्हणून तो तळ सगळीकडून बंदच केलेला असतो ना. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते, आणि ती ठिणगी बिल्ज पंपाच्या स्विचची असू शकते, इंजिनच्या स्टार्टरची असू शकते. पहाटे चारला उठून झोपेत स्टार्टर मारणाऱ्या माणसाला खाली काय साठलंय ते कळणार कसं?

वास येईल असं म्हणाल तर हो, गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं मरकॅप्टन टाकतात. पण ट्रॉलरच्या बिल्जमध्ये डिझेल, मासळीचं पाणी, ओला दोर, या सगळ्यात तो वास कुठे ओळखू येतो, आणि नाकाला वासाची सवयही होते. म्हणून नाकावर विसंबू नका, डिटेक्टर लावा. गॅसचा डिटेक्टर खाली लावायचा, बिल्जच्या वर, पण पाणी लागणार नाही एवढ्या उंचीवर. घरातला पाईप गॅसचा डिटेक्टर छताजवळ असतो तो बघून लोक बोटीवरही वरच लावून घेतात. मागच्या सीझनला आम्ही एका बोटीवरचा असा डिटेक्टर काढून खाली आणला, मालकाला दोन वर्षं वाटत होतं की आपण सुरक्षित आहोत.

सिलिंडर कुठे ठेवायचा यावर आमच्याशी सगळ्यात जास्त वाद होतो. केबिनमध्ये नाही, इंजिनरूममध्ये तर अजिबात नाही, वर डेकवर. लॉकर केलात तर तो बोटीच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद हवा, झाकण वर उघडणारं हवं, आणि तळाला किमान पाऊण इंचाचं भोक, तिथून पाईप थेट बोटीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर. गळलेला गॅस त्या भोकातून समुद्रात जातो. हे भोक बुजलंय का ते दर ट्रिपला बघा, आम्हाला त्यात जाळ्याचा धागा, बिडीची थोटकं, एकदा तर अख्खा मांदेली सापडलाय. सिलिंडर उभाच बांधायचा, आडवा केला तर गॅसऐवजी द्रव बाहेर येतो आणि बर्नरवर भडका उडतो. आणि घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उचलून बोटीवर नेऊ नका, तो फक्त घरगुती वापरासाठी असतो. छोट्या बोटीला ५ किलोचा पुरतो, एक बर्नर फुल ठेवला तर तासाला साधारण १५० ते २०० ग्रॅम जातो, हिशोब तुम्हीच करा.

घेताना सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, ती त्याच्या पुढच्या टेस्टिंगची मुदत. मुदत उलटलेला असेल तर परत द्या, लाजायचं काही कारण नाही.

नळी. आयएसआय मार्कची जाळीवाली केशरी सुरक्षा नळी, तिची मुदत ५ वर्षं सांगतात. आम्ही बोटीवर २ वर्षांनी बदलायला सांगतो, विकायचीय म्हणून नाही, खारी हवा आणि उन्हात ती लवकर कडक होते आणि झुलत्या स्टोव्हला (बोट डोलली तरी स्टोव्ह सरळ राहावा म्हणून तो गिंबलवर, म्हणजे झुलत्या चौकटीवर असतो) ती दिवसातून हजारदा वाकते. वाकवून बघा, चिरा दिसल्या की त्याच दिवशी काढा. गळती बघायची तर साबणाच्या पाण्याने, बुडबुडे आले की गळतंय. काडी पेटवून बघणारे अजून भेटतात, हात जोडून सांगतो, नका करू. आम्ही लाईनवर छोटा गेज देतो, स्टोव्हचे नॉब बंद, सिलिंडर उघडा, मग सिलिंडर बंद करा आणि काटा बघा. तीन मिनिटं काटा हलला नाही तर लाईन ठीक. चहाचं आधण ठेवायच्या आधी तीन मिनिटं काढणं काही जड नाही.

जेवण झालं की आधी सिलिंडर बंद करायचा आणि ज्योत आपोआप विझू द्यायची, मग नॉब बंद. म्हणजे नळीत गॅस उरत नाही.

स्टोव्हला फ्लेम फेल्युअर व्हॉल्व्ह घ्याच. ज्योत वाऱ्याने गेली की ज्योतीची उष्णता ओळखणारा आतला थर्मोकपल थंड होतो आणि गॅस काही सेकंदांत बंद होतो. बाजारातल्या साध्या दोन बर्नरच्या शेगडीला तो बऱ्याचदा नसतो आणि स्वस्त मिळते म्हणून लोक तीच घेतात, पण घरात भिंती असतात हो, बोटीवर हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झाकणाच्या दारातून येणारा वारा ज्योत कधी घेऊन जातो ते कळतही नाही. बर्नरचे स्टँड आम्ही ३१६ स्टीलचे देतो. त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या पाण्यात ते साध्या ३०४ स्टीलपेक्षा जास्त टिकतं. महाग पडतं, मान्य आहे.

इंडक्शन बसवा असं हल्ली बरेच जण म्हणतात. १८०० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचं तर दीडशे अँपिअरच्या वर करंट लागतो, छोट्या बोटीच्या बॅटऱ्या त्यात बसतात आणि मग रात्री इंजिन सुरू होत नाही. मोठी बॅटरी बँक असेल तर या, बोलू.

आता गॅसचा वास आलाच किंवा डिटेक्टर वाजलाच तर. ज्योत बंद, सिलिंडर बंद, सगळे वर डेकवर, हॅच उघडे. एकही स्विच चालू नाही आणि चालू असलेला बंदही नाही, दोन्हीने ठिणगी पडते. इंजिन नाही, इलेक्ट्रिक बिल्ज पंप तर नाहीच. हाताने मारायचा बिल्ज पंप असेल तर तो मारा, गॅस खाली साठलेला असतो तो पाण्यासारखाच उपसला जातो, पंप नसेल तर बादलीने उपसा, वेडेपणा वाटेल पण जड गॅस बादलीत येतो. धक्क्याला असाल तर १९०६ हा गॅसगळतीचा नंबर आहे, समुद्रात असाल तर व्हीएचएफ रेडिओचं चॅनल १६ किंवा कोस्ट गार्डचा १५५४, पण फोन आणि रेडिओ दोन्ही मोकळ्या डेकवरून, केबिनमधून नाही.

कोळशाची शेगडी घेऊन जाणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट सांगायचीय. बंद केबिनमध्ये कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला रंग नाही वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि सगळ्यांना वाटतं बोट लागलीय, जरा झोप म्हणजे बरं वाटेल. त्या माणसाला झोपवू नका, आधी उघड्यावर आणा. दोघा-तिघांना एकदम बोट लागली आणि समुद्र शांत आहे तर शेगडीवरच संशय घ्या.

भाजण्याचं. आमच्या अनुभवात लोक भर समुद्रात कमी भाजतात, नांगरावर जास्त भाजतात. समुद्रात सगळे सावध असतात, स्वयंपाक करणाऱ्याने कमरेला पट्टा बांधलेला असतो. गेटवेसमोर नांगर टाकला की पट्टा सोडतात, गिंबल लॉक करून ठेवतात, आणि तेवढ्यात शेजारून मांडव्याची लाँच जाते, तिच्या लाटेने बोट आडवी डोलते आणि पातेलं मांडीवर. माझ्या उजव्या पायावरचा डाग तसाच आलाय, चहाचा, वीस वर्षं झाली. म्हणून चूल पेटलेली असेल तोवर गिंबल मोकळा ठेवा, भांडं जागेवर धरून ठेवणारे पॉट होल्डर आवळलेले ठेवा, भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, आणि स्वयंपाक करताना बरमुडा घालून अनवाणी उभं राहू नका, एप्रिलमधल्या उकाड्यात सुद्धा लांब रबरी एप्रन आणि बूट. कपात चहा ओतायचा तर कप हातात धरून नाही, कप सिंकमध्ये ठेवून ओतायचा.

भाजलंच तर गोडं वाहतं पाणी २० मिनिटं, अंगठी-कडं लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. टूथपेस्ट, हळद, बर्फ यातलं काहीही नको. ट्रॉलरवर बर्फ भरपूर असतो म्हणून लोक हात त्यात खुपसतात, त्याने जखम वाढते.

तेल पेटलं तर पाणी टाकू नका. पाण्याची वाफ होताना ते साधारण १७०० पट फुगतं आणि पेटतं तेल सगळ्या केबिनभर उडवतं. झाकण किंवा फायर ब्लँकेट टाका, गॅस बंद करा, आणि थंड होईपर्यंत झाकण उचलून बघू नका. एक्स्टिंग्विशर स्टोव्हच्या मागे लावू नका, आगीतून हात घालून कोण काढणार? केबिनच्या दाराजवळ लावा.

आता जेवणाचं, कारण सुरक्षित आणि बेचव असं जेवण कोणालाच नको असतं. ऑक्टोबर ते मे आपल्याकडे दुपारी बारा-एकनंतर वायव्येचा वारा वाढतो आणि पाणी उसळतं, म्हणून मोठा स्वयंपाक सकाळीच उरका, चहा थर्मासमध्ये भरून ठेवा. बोटीवरचं सगळ्यात उपयोगी भांडं कुकर. झाकण लॉक होतं, उलटला तरी लगेच सांडत नाही, गॅस कमी लागतो, पाणी कमी लागतं. फक्त डाळ-तांदूळ असेल तर अर्ध्यापर्यंतच भरा आणि प्रेशर पूर्ण गेल्याशिवाय उघडू नका.

आमच्या वर्कशॉपमधल्या पोरांची आवडती सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी सांगतो. सोडे घरूनच धुवून, भाजून डब्यात न्या, कांदा-लसूण घरीच चिरून न्या, म्हणजे हलत्या बोटीवर सुरी काढायला नको. कुकरमध्ये दोन चमचे तेल, कांदा, सोडे, घरचा मसाला, दोन वाट्या धुतलेले तांदूळ, चार वाट्या पाणी, दोन-तीन आमसुलं, मीठ बेताने कारण सोडे खारट असतात. दोन शिट्ट्या. वाडग्यात वाढा, ताटात नाही, वाडगा हातात धरून खाता येतो. पापड तळायचा मोह आवरा, भाजून घ्या. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, लांब खोल समुद्रात गोड्या पाण्यात ते थोडं मिसळून भात शिजवणारे आहेत, पण मुंबई बंदराच्या पाण्यात शहराचं सांडपाणी येतं, त्या पाण्याने भांडीसुद्धा धुवू नका.

उरलेला भात दोन तासांच्या वर बाहेर ठेवायचा नाही, त्यातले जंतू शिजवल्यावरही बीजरूपात जिवंत राहतात आणि आपल्या हवेत भराभर वाढतात. आणि ताजी मासळी, इथे तर कोळ्याच्या पोराला काय शिकवणार असं वाटतं, तरी सांगतो. बांगडा, कुपा, सुरमई उन्हात डेकवर पडले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा झालं की तळून, उकळून, कशानेही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्तासारखं उठतं, डोकं ठणकतं. पकडला की लगेच बर्फात, खायचा मासासुद्धा, फक्त विकायचाच नाही. बाजारातले पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडा, त्यातून झुरळांची अंडी बोटीवर येतात. कांदे-बटाटे वेगवेगळ्या जाळीत टांगा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात, गॅसची लाईन बघून घ्यायला तोच वेळ चांगला. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात सगळे एकदम येतात आणि आम्हाला घाईत काम करावं लागतं, ते आम्हाला आवडत नाही. येताना नळी आणि रेग्युलेटर काढून आणा, सिलिंडर आणू नका, आणि लॉकरच्या भोकाचा एक फोटो काढून आणा.